वजीरवरचा आळ

अंजलीला सायकलची लाज वाटायला लागली ती अकरावीत गेल्यावर. त्याआधी हीच सायकल तिला विमानासारखी होती. मानव विकास योजनेतून गावातल्या मुलींना सायकली वाटल्या होत्या, त्यातली ही एक, पुढं जाळीची टोपली असलेली. मिळाली त्या दिवशी तिनं हॅंडलला हळदकुंकू लावलं आणि घंटी इतकी वाजवली, की तिची माय पंचफुलाबाई ओरडली, "आता गप बस, न्हाई तर तीच घंटी तुह्या गळ्यात बांधते अन् मेंढरात सोडते."

पण आखाडा बाळापूरच्या कॉलेजात बघते तर काय, पोरी स्कूटीवर येऊन राहिलेल्या. तोंडाला ओढणी, हातात किल्ली, आणि ती किल्ली बोटाभोवती फिरवत वर्गात शिरणं. अंजली मात्र घामानं निथळलेली, सलवारीला चेनचं काळं लागलेलं. वर्गातल्या कोमलनं एकदा विचारलंच, "काय गं, गावाहून पोहत आलीस का?" सगळ्या हसल्या. अंजलीही हसली. पण घरी येऊन तिनं सायकल गोठ्याच्या मागं नेऊन लावली, समोरून दिसणार नाही अशी.

तिच्या भावाकडं, प्रभूकडं, गाडी होती. बॅटरीवरची, नवी कोरी, आवाज म्हणून नाही. प्रभू पोलीस भरतीच्या मागं लागलेला पोरगा. पहाटेच्या थंडीत डांबरी रस्त्यावर धावून धावून त्याच्या बुटांचे तळवे कागदासारखे झाले होते. यंदा त्याचं ग्राउंड निघालं, लेखी निघाली, निवड झाली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे ठाण्यातून पोलीस येणार, पोरावर काही केस आहे का, पोरगं सरळ आहे का, ते बघणार आणि वर कळवणार. एवढं झालं की वर्दी. मेंढरामागं फिरणाऱ्या त्यांच्या घराण्यात वर्दी अंगावर घालणारा तो पहिलाच.

गाडी घेताना दुकानदारानं सांगितलं होतं, पंचवीसच्या आत पळणाऱ्या या गाडीला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही. ते खरंच होतं. पण पंचवीसनं पळणाऱ्या गाडीवर बसलेल्या तरण्या पोराला म्हशीसुद्धा वाट देत नाहीत. म्हणून प्रभूनं फाट्यावरच्या देवला मिस्त्रीकडून तिचं वेगाचं कुलूप काढून घेतलं. आत कुठलीशी वायर सोडवली की झालं, गाडी पन्नासच्याही पुढं. मग मात्र कायद्याच्या लेखी ती खेळणं राहत नाही. लायसन लागतं, नंबर लागतो, चालवणारा अठरा वर्षांचा लागतो. हे देवलाला ठाऊक होतं, प्रभूलाही ठाऊक होतं. आणि अंजलीला अजून सतरावंसुद्धा पुरं झालेलं नव्हतं.

"दादा, देत जाय ना गाडी," ती मागं लागली.

"रस्त्याचे नियम येतात का तुला?"

"येतात की. डावीकडून चालायचं, उजवीकडं बघायचं, अन् दादाची गाडी घेतल्याचं अण्णाला सांगायचं न्हाई."

प्रभू हसला, आणि हसला तिथंच फसला. गाडी अधूनमधून तिच्या हातात यायला लागली.

रस्त्याचंही सांगायला पाहिजे. गावासमोरून नवा चौपदरी रस्ता गेला, मधे दुभाजक. गाव ज्या बाजूला, त्या बाजूनं गाड्या बाळापुराकडून येतात. बाळापूरला जायचं तर आधी उलट दिशेला पंपापर्यंत जायचं, तिथल्या फटीतून वळायचं आणि पलीकडच्या बाजूनं परत यायचं. एवढा हेलपाटा कोण घालतंय? गाव सरळ उलट्या बाजूनंच बाळापूर फाट्यापर्यंत जायचं. म्हातारे, पोरं, दूधवाले, सगळे. त्याला कुणी चूक म्हणतच नव्हतं, 'जवळची वाट' म्हणायचे.

अंजलीचे वडील नामाजी, म्हणजे अण्णा, याच कडेनं मेंढरं न्यायचे. त्यांची एक रीत होती. ते समोरून येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून चालायचे, डोळे पुढं आणि कान मागं. मागून उलट्या बाजूनं गावातलं कुणी आलं, तर मान न वळवता सांगायचे, "सरपंचाचा बुलेट हाय, होऊ द्या कडंला." आणि मेंढरं कडेला व्हायची. कळपाच्या पुढं वजीर असायचा, वळलेल्या शिंगांचा भला थोरला मेंढा. त्याची माय त्याला जन्म देतानाच गेली होती, म्हणून नामाजींनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. वजीर वळला की कळप वळायचा.

त्या सकाळी कॉलेजात गॅदरिंगच्या नाचाची तालीम होती. अंजली पुढच्या ओळीत, अगदी मधे. प्रभू कागदांच्या कामाला एस.टी.नं हिंगोलीला गेलेला, गाडी दारात, किल्ली देवळीत. तिनं केस मोकळे सोडले, ओढणी बांधली आणि निघाली. वारा असा काही लागत होता की विचारू नका. गाडीला आवाज नाही, म्हणून तीच गात होती. उलट्या बाजूनं, कडेकडेनं, काटा पन्नासला टेकलेला.

पुलाच्या पुढं रस्ता थोडा उतरतो. त्या उतारावर पुढं मेंढरांच्या पाठी दिसल्या. असेल कुणाचा तरी कळप, तिला वाटलं. अण्णांची मेंढरं तर माणिकरावांच्या वावरात बसवलेली होती, खतासाठी. ती तिथून आजच हलवायची आहेत हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं हॉर्न दाबला. त्याचा आवाज कोंबडीच्या पिल्लासारखा. समोरून ट्रक धडधडत आला आणि तोही त्यात बुडून गेला. मेंढरं आणि कठडा यांच्यामधून निघून जाऊ, असा तिनं हिशेब केला. तेवढ्यात एक मेंढी बिचकून आडवी आली. अंजलीनं हॅंडल वळवलं, ब्रेक दाबला, आणि मग तिला ती घोंगडी दिसली. काठाला लाल दोरा भरलेली. तो दोरा गेल्या दिवाळीत तिनंच भरला होता.

धडक बसली तेव्हा आवाज झाला तो फक्त काचेचा.

ती उठली तेव्हा तिच्या हातापायाला खरचटल्याशिवाय काही नव्हतं. नामाजी कठड्याला टेकून पडले होते आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलतीकडंच वळला होता. मेंढरं पांगली होती. वजीर तेवढा त्यांच्या उशाशी उभा होता, नाक त्यांच्या पागोट्याला लावून.

"अण्णा," ती म्हणाली. "अण्णा, अण्णा, अण्णा."

नामाजींनी डोळे उघडले. पाण्याचं नाव काढलं नाही, पायाचं नाव काढलं नाही. "कुणी बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग ती गाडी लोट खाली. बाभळीमागं."

"अण्णा, तुमचा पाय..."

"पाय हाय तिथंच हाय. आदी गाडी." त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. "पोराची चौकशी यायची हाय. गाडी त्याची, कुलूप काढलेलं, अन् चालवणारी तू. आयकून राहिली का? केस झाली की त्याची वर्दी गेली."

तिनं गाडी लोटली. रडत रडत, काट्यात हात घालून लोटली. वर आली तोवर एक ऑटो थांबला होता आणि नामाजी ऑटोवाल्याला सांगत होते, "मेंढ्यानं टक्कर दिली बाबा. बेसावध होतो." ऑटोवाल्यानं वजीरकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला.

असं ते ठरलं. एका वाक्यात ठरलं, आणि ज्याच्या नावावर ठरलं तो तिथंच उभा राहून रवंथ करत होता.

नांदेडला नामाजींच्या मांडीत सळई घातली. डॉक्टरांनी विचारलं, "मेंढ्यानं एवढं?" नामाजी म्हणाले, "साहेब, तुमी आमचा मेंढा बघितला न्हाई." डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. अंधार पडल्यावर अंजलीनं गाडी बाभळीमागून गुपचूप घरी आणली होती आणि प्रभूला सांगितलं की ती स्टॅंडवरून पडून दिवा फुटला. एरवी गाडीवर धूळ बसली तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. त्या वेळी तो नुसता "बरं" म्हणाला.

नामाजी घरी आले ते खाटेवर पडूनच राहिले, आणि गावाची रांग लागली. जो येई तो पायाकडं बघे आणि वजीरबद्दल बोले. मेंढरं पाळणाऱ्या लोकांत एक गोष्ट पक्की असते. धन्याला पाडणारा मेंढा दारात ठेवत नाहीत. दुसरा मेंढरवालाही त्याला घेत नाही, कारण त्याची पिल्लं मारकी निघतात असा समज. तो फक्त कापायला जातो.

पंचफुलाबाईला तर कुणी सांगायची गरजच नव्हती. वजीरला खुंट्याला आखूड बांधून ती त्याच्याशी भांडायची. "दूध पाजलं तुला. लेकरावाणी पाजलं. अन् तू काय केलंस? शिंगं आली म्हणून धन्यावर उगारायची व्हय?" वजीर तिच्या पदराला तोंड लावायचा आणि ती पदर हिसकून घ्यायची. "बाजाराच्या दिवशी चालता हो माह्या दारातून."

रात्रंदिवस अंजलीच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. सांगितलं तर दादाची वर्दी जाते, नाही सांगितलं तर वजीरची मान. एकदा चुलीपाशी तिनं तोंड उघडलंच, "माय, तुला एक सांगू का? वजीरनं..."

"अंजे," खाटेवरून हाक आली, "पाणी आन."

पाणी घेऊन गेली तेव्हा नामाजींनी तांब्याला हातसुद्धा लावला नाही.

"काहून बोलून राहिली?" ते हळू आवाजात म्हणाले.

"अण्णा, त्याला कापतील."

"कापू दे."

"तुमी बाटलीनं पाजलं त्याला."

"त्यो मेंढा हाय, अंजे. प्रभू पोरगं हाय." मग ते आढ्याकडं बघायला लागले. "मला इचारू नको पुन्हा. मला तकलीफ होते." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. पाय तसा असताना कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून नुसती मान वळवली.

बाळापूरच्या बाजाराचा दिवस उजाडला. प्रभू शेजाऱ्याचा पिकअप घेऊन आला. पंचफुलाबाईनं वजीरच्या गळ्यातली पितळी घाटी सोडली. जनावराबरोबर घाटी विकत नाहीत, ती घरात ठेवतात. इतके दिवस भांडणारी ती बाई, पण घाटी हातात आल्यावर तिथंच उकिरड्याच्या कडेला खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. वजीर काही न करता पिकअपमध्ये चढला. त्याला वाटलं असेल, नव्या वावरात मेंढरं बसवायला न्यायलेत.

पिकअप गेला. धूळ खाली बसली. खाटेवर नामाजींनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती आणि घोंगडी हलत होती.

अंजली कोपऱ्यातून उठली. गाडी दारात होती, चार्ज केलेली. किल्ली देवळीत. तिनं किल्ली उचलली आणि लगेच हातातून सोडून दिली. ती तशीच टाकून ती गोठ्यामागं धावली. सायकलवर कोळ्यानं जाळी विणली होती. चाकात हवा नव्हती. पंप शोधला, हवा भरली. भरताना तिला ऐकू येत होतं, पिकअप बाळापुराकडं चालला आहे, चालला आहे.

रस्त्यावर येऊन ती थबकली. उजवीकडं जवळची वाट, उलट्या बाजूची, सरळ फाट्यापर्यंत. डावीकडं पंप, पार टोकाला, आणि तिथून परत. तिनं हॅंडल उजवीकडं वळवलं, दोन पायंडलं मारली, आणि पुढं कडेनं कुणीतरी पाठमोरी बाई डोक्यावर भारा घेऊन चाललेली दिसली. अंजलीचे पाय थांबले ते थांबलेच. किती शिव्या घातल्या तिनं स्वतःला. "हाण की, भवाने. तिकडं त्याला कापतील." पण पाय काही हलेनात. शेवटी तिनं सायकल वळवली आणि पंपाकडं सुटली. बाळापूर तिच्या पाठीमागं लांब लांब चाललं होतं आणि ती जीव तोडून त्याच्या उलट दिशेला पायंडल मारत होती. असं वेड्यागत काम तिनं जन्मात केलं नव्हतं.

पंपापाशी वळली. आता उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, झुलत चाललेल्या, उसाची टोकं रस्त्यावर झाडू मारत. तिला ना पुढं जाता येई ना मागं राहता येई. चढावर चेन उतरली. रस्त्याकडेला बसून तिनं चेन बसवली, बोटं काळी झाली, तीच तिनं डोळ्यांना पुसली. ती मनातल्या मनात कुणाकुणाला विनवत होती. देवाला, पिकअपला, हरिचंदला. हरिचंद म्हणजे कापायची जनावरं घेणारा व्यापारी, बाजारात त्याच्याइतका झटपट सौदा कुणाचा नाही. आज तरी चहा प्यायला बस रे बाबा, ती म्हणत होती. आज तरी कुणाशी भांड.

बाजारात ती शिरली ती सायकल हातात धरून. शेळ्यामेंढ्यांच्या बाजूला गर्दी होती आणि गर्दीच्या मधे दलाल उकंडराव रुमाल झटकून खांद्यावर टाकत होते. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून ठरवतात, आणि रुमाल खांद्यावर गेला म्हणजे सौदा झाला.

प्रभू बाजूला उभा होता. तिनं त्याची बाही धरून त्याला लिंबाआड ओढलं.

"दादा, वजीरनं पाडलं न्हाई अण्णाला."

प्रभूनं तिच्या काळ्या झालेल्या तोंडाकडं बघितलं. "मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय?"

"दिव्याच्या फुटक्या काचेत लाल दोरा अडकला होता. घोंगडीचा. तुमी नांदेडला होता तवा म्या काढला."

"मंग काहून बोलला न्हाईस?"

"तू काहून बोलली न्हाईस?"

आजूबाजूला शेळ्या ओरडत होत्या.

"लई पळालो अंजे मी," प्रभू जमिनीकडं बघत म्हणाला. "पाय सुजायचे. माय रात्री तेल चोळायची. कुलूप म्याच काढून घेतलं, गाडी तुला म्याच दिली. हे निघालं तर सगळं गेलं. म्हणलं, मेंढाच तर हाय."

"अण्णाबी हेच म्हणले. अन् घोंगडीत तोंड घालून रडून राहिले."

"जाय तू घरी."

"मी सांगते हरिचंदला."

"तुह्या सांगण्यानं काय व्हतंय? बोटं माह्यी होती रुमालाखाली."

तिकडं हरिचंदचा माणूस वजीरला टेम्पोकडं ओढत होता. वजीरनं पाय रोवले. माणसानं शिंग धरून पिरगाळलं, मागून दुसऱ्यानं लाथ घातली. वजीरनं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. त्यानं ना डोकं उगारलं, ना मागं सरून धाव घेतली.

"हा मारका व्हय?" हरिचंद हसला. "ह्यो तर गाईपरीस गरीब हाय. नामाजीला काय ह्यानं शिंगानं गुदगुल्या केल्या का?"

लोक हसले. प्रभू हसला नाही. अंजलीला वाटलं, आता तो पाठ फिरवून पिकअपकडं जाईल. त्यानं पाठ फिरवलीही. दोन पावलं गेलाही. मग तिथंच थांबून, गर्दीकडं न बघता तो म्हणाला, "उकंडराव, सौदा मोडायचा हाय."

उकंडरावांनी रुमाल खांद्यावरून काढला नाही. "रुमाल वर गेला बाबा. तुला रीत ठाऊक हाय. विकणाऱ्यानं लोकांम्होरं सांगायचं, म्या मालाबद्दल खोटं बोललो. मगच मोडतो. पुन्हा तुह्या घरच्याचा शब्द बाजारात चालणार न्हाई, ते येगळं."

"खोटं बोललो," प्रभू म्हणाला. आवाज निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाला. "मेंढा मारका न्हाई. कवाच नव्हता."

"मंग बापाचा पाय कुणी मोडला?"

"गाडीनं."

"कुणाच्या?"

"माह्या."

आता कुणी हसत नव्हतं. गर्दीतून एक हात वर आला, हातात मोबाईल, त्याचा डोळा प्रभूकडं लागलेला. अंजलीनं तो बघितला आणि तिला कळलं की आता यातला एकही शब्द परत गिळता येणार नाही.

"कोण चालवत होतं?" उकंडरावांनी विचारलं.

"मी," प्रभू म्हणाला.

"न्हाई," अंजली पुढं झाली. सायकल तिच्या हातातून सुटून पडली. "म्या. दादा त्या दिवशी हिंगोलीला होता. उलट्या बाजूनं म्याच चालले होते, अन् अण्णा बराबर त्यांच्या बाजूनं चालले होते. गाडीला आवाज नव्हता. त्यांना कळलंच न्हाई."

"लायसन हाय का गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"न्हाई."

"घ्या. अन् भाऊ फौजदार व्हायला निघाला."

"फौजदार न्हाई, शिपाई," दुसरा म्हणाला. "आता तेबी न्हाई म्हणा."

हरिचंदनं दोरी प्रभूच्या पायाशी टाकली. "ने बाबा. मला कापायचा मेंढा पायजे, घरातलं भांडण न्हाई." पण टेम्पोकडं जाता जाता तो अंजलीपाशी थांबला. "पोरी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

प्रभूनं दोरी उचलली. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मोबाईलवाला पोरगा खाली मान घालून अंगठ्यानं काहीतरी करत होता, बहुतेक पाठवत होता. प्रभूनं ते बघितलं.

"अंजे, सायकल उचल."

"घरी?"

"ठाण्यात. तो व्हिडिओ तिथं आपल्या आदी पोचला न्हाई पायजे. लपवलं म्हणून कळणं येगळं अन् सांगितलं म्हणून कळणं येगळं." तो एका दमात बोलत होता, पळायच्या शर्यतीत बोलावं तसं. "तू म्होरं हो. ह्याला घेऊन मला पळता येत न्हाई. हाण."

तिनं हाणली. बाजारातून, भाजीच्या ढिगांमधून, माणसांच्या शिव्या खात. चौकात तिचा श्वास संपला तेव्हा ती उभी राहून पायंडल मारायला लागली. प्रत्येक टपरीवर कुणी ना कुणी मोबाईलमध्ये बघत होतं आणि तिला वाटत होतं, सगळे तेच बघताहेत. मी बोलतेय, दादा बोलतोय, आणि ते आमच्या पुढं पळतंय. त्याला ना चेन, ना चाक, ना वळायची फट.

ठाण्याच्या दारात तिनं सायकल तशीच सोडली. आत टेबलामागं एक हवालदार बसले होते, पोक्त, कपाळावर चष्मा. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि ते त्याच्याकडं बघून हसत होते.

संपलं, तिला वाटलं. टेबलाची कड धरून ती कशीबशी म्हणाली, "साहेब, ते खरं हाय. पण पुरं बघायच्या आदी माझं ऐका."

हवालदारांनी वर बघितलं. "काय बघायच्या आधी?" त्यांनी मोबाईल तिच्याकडं वळवला. एकही दात न आलेलं लेकरू भिंतीला धरून उभं राहत होतं आणि पडत होतं. "नात हाय माझी. तुझं काय काम?"

अंजली उभी राहिली. त्यांना काही माहीत नव्हतं. अजून माहीत नव्हतं. तिला 'काही न्हाई' म्हणून उलट पावली जाता येत होतं. दादाला वाटेत गाठून सांगता येत होतं, साहेबांपर्यंत आलंच नाही, चल घरी, कदाचित येणारच नाही. त्या पोराचा व्हिडिओ कुठंतरी अडकला असेल. वर्दी कदाचित अजून जागेवर असेल. तिनं मागं वळून बघितलं. रस्त्याच्या त्या टोकाला प्रभू येत होता. दोरी ताणून, वाकून, अर्धा पळत अर्धा ओढत, आणि वजीर त्याच्या मागं मागं, मधेच कुणाच्या तरी कुंपणाची पानं खायला थांबत.

"बोल ना पोरी," हवालदार म्हणाले. "कुणी काही केलं का तुला?"

"मला न्हाई," अंजली म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "म्या केलं. लिहून घ्या."

हवालदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.